अंगी लागो

बोर्गहिल्डने आमचं दार कधी वाजवलं नाही. मी लग्न होऊन या घरात आले त्या आठवड्यातही नाही, आणि मे महिन्यातल्या त्या शुक्रवारीही नाही. तिचं घर अंगणापलीकडे, चाळीस पावलांवर. सकाळी साडेदहाला ती सरळ स्वयंपाकघरात शिरली आणि तिच्यामागून शेजारचा तोरलाइफ आला, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला कॉड मासा घेऊन.

"घे योरुन, पहाटेचाच आहे," तो म्हणाला. "तीन किलो भरेल. तुझ्या सासूने अख्खी वाट मला सुनावलं, शेपटी जमिनीला घासतेय म्हणून."

"घासतच होती," बोर्गहिल्ड म्हणाली. "माशापेक्षा तू बुटका, त्याला मी काय करू?"

तोरलाइफ हसला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हसू आवरतं घेतलं. गेले तीन महिने लोक माझ्यासमोर असंच करतात. हसताहसता त्यांना आठवतं आणि तोंड मिटतात, जणू मीच कुणी परीक्षक आहे. मी त्याला कॉफी विचारली. जाळी तशीच टाकून आलोय म्हणाला, आणि पळाला.

बोर्गहिल्डने कोट काढून खुंटीला लावला. वय त्र्याऐंशी, पाठ ताठ, आणि राग कायम नाकावर.

"आज प्लुक्कफिस्क करायचं," ती म्हणाली. "आणि दोनच्या आत त्या पाथरवटाला फोन. आज मला उत्तर पाहिजे. नुसती मान हलवून चालणार नाही."

मी मान हलवली.

पाथरवटाला हवे होते फक्त दोन शब्द. नाव आणि तारखा त्याला आधीच दिल्या होत्या. माझ्या नवऱ्याला, आर्नफिनला, पुरून आठ दिवस झाले होते, मातीवर लाकडी क्रूस उभा होता, आणि दगड कोरायला घ्यायचा तर खाली काय लिहायचं ते शुक्रवारी दोनपर्यंत कळवा, असं त्याने सांगितलं होतं. नंतर त्याच्या यादीत जागा नव्हती, मग थेट सप्टेंबर. आमच्या चर्चच्या आवारात बहुतेक दगडांवर नावाखाली तेच दोन शब्द असतात: सगळ्याबद्दल आभार. बोर्गहिल्डला तेच हवे होते. मी नको म्हटलं होतं. तिने कारण विचारलं, मी दिलं नाही. आठ दिवस आमचं एवढंच बोलणं चालू होतं. ती विचारायची, मी गप्प, ती दार आपटून चाळीस पावलं परत.

कारण मला होतं. ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी आर्नफिन दुपारचं जेवून जाळी काढायला गेला आणि परत आला नाही. समुद्र शांत होता. होडी संध्याकाळी खडकांच्या रांगेपाशी सापडली, इंजिन चालूच होतं. तरंगायचं जाकीट किनाऱ्यावरच्या होडीच्या खोपीत खिळ्याला टांगलेलं होतं. पोलीस आले, पाद्री आला, दोघांनीही मला तोच प्रश्न विचारला, की जाताना काय म्हणाला. मी सांगितलं, जेवणाबद्दल आभार म्हणाला. त्यांनी मान डोलावली. जेवून उठताना आमच्याकडे प्रत्येकजण तेच म्हणतो, आणि ज्याने रांधलं तो म्हणतो, अंगी लागो. बुटाची नाडी बांधता येण्याआधी मुलांना हे येतं. पोलिसाने लिहून घेतलं. अपघात, असं त्याने खाली लिहिलं.

पण तो तसं म्हणाला नव्हता. जेवण प्लुक्कफिस्कचं होतं, आदल्या दिवशीच्या उरलेल्या माशाचं, पांढऱ्या रश्शातलं. आर्नफिनने दोनदा वाढून घेतलं. शरदापासून त्याचं जेवण चिमणीएवढं झालं होतं, दुपारचा झोपून राहायचा, विचारलं तर म्हणायचा, थकलोय. त्यामुळे त्या दिवशी तो जेवला याचा मला आनंद झाला होता. मी त्याच्याकडे पाठ करून पातेलं घासत होते. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो म्हणाला, "सगळ्याबद्दल आभार." आणि मी मागे न बघता म्हटलं, "अंगी लागो."

सव्वीस वर्षं रोज म्हणत आले होते, तसंच म्हटलं. तोंड आपलं आपण बोललं.

दार लागल्यावर मला वाटलं, काय म्हणाला हा? ते शब्द जिवंत माणसाला कुणी म्हणत नाही. शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंना एकदा कुणी चुकून म्हणालं, तर अशुभ टळावं म्हणून सगळ्यांनी टेबलाचं लाकूड ठोकलं होतं. मग मला वाटलं, थट्टा केली असेल. पूर्वी करायचा थट्टा. मग वाटलं, मीच चुकीचं ऐकलं. आणि मी पातेलं घासत राहिले, कारण पांढरा रस्सा वाळला की निघत नाही. इंजिनाचा आवाज आला तेव्हा मी पातेलं पुसून पालथं घालत होते. आमच्या दारापासून होडीच्या खोपीपर्यंत धावत गेलं तर चार मिनिटं लागतात. नंतर मी धावून बघितलंय. पातेल्याला मी दहा मिनिटं घेतली होती.

तेव्हापासून मला काही वाटेनासं झालं. दाढ काढताना सुई मारल्यावर गाल आपला राहत नाही, तसं. लोक रडायचे, मी त्यांना रुमाल द्यायचे. एप्रिलमध्ये शेजारच्या बेटाच्या किनाऱ्यावर तो सापडला, तेव्हा मला वाटलं आता तरी काहीतरी होईल. काही झालं नाही. पुरताना मी बघत होते की पाद्र्याच्या बुटाला चिखल लागलाय.

आणि या सगळ्या काळात आमच्या घरात मासा शिजला नाही. तो बोर्गहिल्डचा नियम, तिच्या आईकडून आलेला. घरातलं माणूस समुद्रात असेपर्यंत त्या समुद्रातलं काही खायचं नाही. तिच्या आईने म्हणे एकदा नऊ वर्षं मासा खाल्ला नव्हता. आम्ही फेब्रुवारीपासून लापशी खाल्ली, सॉसेज खाल्ले, उकडलेली अंडी खाल्ली. माणसं मासा आणून द्यायची, आम्ही तो परत पाठवायचो. आता तो सापडला होता, मातीत होता, आणि बोर्गहिल्डच्या हिशेबाने मासा मोकळा झाला होता.

"शिळ्याचं करतात ते," मी वर्तमानपत्र उलगडत म्हटलं. "ताज्याचं कुणी करत नाही."

"शिळं कुठून आणू? तीन महिने या घरात मांजरसुद्धा मासा विसरलं." तिने बाही वर केली. "त्याचं शेवटचं जेवण होतं ते. मला ते खायचंय. तू बटाटे लाव."

मी बटाटे सालासकट उकडायला ठेवले. मासा साफ करून त्याचे जाड तुकडे पाडले. मीठ घातलेल्या पाण्याला उकळी फुटायच्या बेतात आली की तुकडे आत सोडायचे आणि पातेलं बाजूला ओढायचं. पाणी खळाळलं की मासा कापसासारखा होतो. हे मला बोर्गहिल्डनेच शिकवलं होतं, आणि सव्वीस वर्षं ती मला रोज नव्याने शिकवत आली होती.

"उकळेल ते," ती म्हणाली.

"नाही उकळत."

"बुडबुडे दिसतायत मला."

"तुला दरवाजा दिसत नाही चष्म्याशिवाय. बुडबुडे बरे दिसतात!"

"दिसत नाहीत, पण ऐकू येतात." ती पातेल्यावर वाकली. "आर्नफिन लहान असताना म्हणायचा, आई, तुला भिंतीआडचा मासासुद्धा ऐकू येतो."

त्याचं नाव तिने घेतलं की मी हातातल्या कामाकडे बघायचे. आता मी बटाट्याकडे पाहिलं. सुरी खुपसली, शिजले होते. काट्याला टोचून एकेक सोलायला घेतला. हात भाजत होता. मला ते कळत होतं, पण दुसऱ्या कुणाचा तरी हात भाजत असल्यासारखं कळत होतं.

मासा शिजल्यावर मी तो मोठ्या ताटात काढला आणि तिच्यासमोर ठेवला. प्लुक्कफिस्क म्हणजे वेचलेला मासा. कातडं काढायचं, मांसाच्या पाकळ्या सोडवायच्या, आणि काटे वेचायचे. हे काम या घरात कायम बोर्गहिल्डचं. तिची नजर गेली तसं ती डोळे मिटूनच करते. बोटांनी पाकळी चाचपते, थांबते, आणि केसाएवढा काटा ओढून बशीच्या कडेला लावते. तिने वेचलेल्या माशात कधी कुणाच्या घशात काटा गेला नाही. याचा तिला भारी अभिमान.

मी लोणी वितळवलं, मैदा घातला, दूध थोडंथोडं ओतत ढवळायला लागले. या रश्शाला पाठ दाखवता येत नाही. क्षणभर थांबलं की गुठळ्या.

"जायफळ घातलंस?"

"घालीन."

"चिमूटभर. तू मूठभर घालतेस."

"आर्नफिनला आवडायचं."

"आर्नफिनला तुझं सगळंच आवडायचं," ती म्हणाली, आणि ते कौतुक नव्हतं. मग ती डोळे न उघडता म्हणाली, "सव्वीस वर्षं, योरुन. माझ्या मुलाने तुला सव्वीस वर्षं दिली. होडी रंगवली, छप्पर घातलं, तुझ्या आईच्या आजारपणात चार महिने तिला उचलून बाहेर नेलं. मूल झालं नाही तर एका शब्दाने बोलला नाही तुला. बोलला का?"

"नाही."

"मग दोन शब्द द्यायला तुझा हात का आखडतो? गावात प्रत्येकीने नवऱ्याला दिलेत. ओडनीने दिले. आणि तिचा नवरा तिला मारायचा! सगळ्या गावाला माहीत होतं. तरी दगडावर आहेत. आणि माझ्या मुलाच्या दगडावर नुसती तारीख? लोक काय म्हणतील? म्हणतील, बायकोकडे आभार मानण्यासारखं काही नव्हतं."

"लोक म्हणोत."

"मी म्हणतेय. लोकांचं सोड. मी म्हणतेय." तिने एक काटा बशीला लावला. "तुझ्या डोळ्यांतून टिपूस नाही आला. पुरतानासुद्धा नाही. मी काही बोलले नाही. माणसं वेगवेगळी असतात. पण आता मला वाटायला लागलंय, की तुझ्या मनात त्याच्याबद्दल काहीतरी आहे. असेल तर सांग. मी त्याची आई आहे, मला ऐकायची ताकद आहे."

मी रस्सा ढवळत होते. तो घट्ट होत आला होता. घड्याळात सव्वाबारा झाले होते. मला वाटलं, नाही सांगितलं तर ही माझ्याशी पुन्हा कधी नीट बोलणार नाही. आम्हा दोघींना बांधून ठेवणारं माणूस एकच होतं आणि ते आता नव्हतं. ती चाळीस पावलांवर राहील, आणि मी तिला खिडकीतून बघत म्हातारी होईन. आणि सांगितलं तर तिचा मुलगा पाय घसरून गेलेला राहणार नाही. त्र्याऐंशी वर्षांच्या बाईकडून ते काढून घ्यायचं का, हे मी तीन महिने ठरवत होते. मी तिच्यावर दया करत होते असं मला वाटायचं. खरं म्हणजे मला पातेल्याबद्दल सांगायचं नव्हतं.

"तो म्हणाला ते," मी म्हटलं.

"कोण काय म्हणाला?"

"आर्नफिन. ते दोन शब्द. जेवून उठल्यावर. जेवणाबद्दल आभार नाही म्हणाला. सगळ्याबद्दल म्हणाला."

तिची बोटं माशावर थांबली.

"मी पातेलं घासत होते," मी म्हटलं. मी ढवळायचं थांबवलं नाही आणि तिच्याकडे बघितलं नाही, त्यामुळे बोलता आलं. "पाठ होती माझी. मी म्हटलं, अंगी लागो. नेहमीसारखं. वळलेसुद्धा नाही. मग मला कळलं तो काय म्हणाला ते, आणि तरी मी गेले नाही. पातेलं पूर्ण घासलं. त्याने माझा असा निरोप घेतला आणि मी त्याला म्हटलं, अंगी लागो! आता तेच शब्द दगडावर कोरले, तर दर रविवारी मी तिथे उभी राहीन आणि तो मला तेच म्हणत राहील. मला नाही ऐकायचं ते, बोर्गहिल्ड. म्हणून नको."

रस्सा खाली लागायला लागला होता. मी पातेलं उतरवलं. आता ती ओरडेल, असं मला वाटलं. किंवा उठून जाईल, कोट तसाच ठेवून. मी दोन्हीला तयार होते. मला भीतीसुद्धा वाटत नव्हती.

ती उठली नाही. तिने पुन्हा डोळे मिटले आणि पुढची पाकळी घेतली. चाचपली, उलटी केली, काटा काढला, बशीला लावला. आणखी एक घेतली. तिने अख्खा मासा वेचून संपवला. तोवर मी तिथेच उभी होते, हातात चमचा धरून. मग तिने ताट माझ्याकडे सरकवलं.

"घाल," ती म्हणाली. "थंड होईल."

मी मासा रश्शात घातला, बटाटे हातानेच फोडून घातले, मिरी घातली, जायफळ घातलं. चिमूटभर. वरून कांद्याची पात चिरली, खारवलेल्या डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे कुरकुरीत तळून टाकले. दोन बश्या मांडल्या. बाजूला पातळ कडक भाकरी आणि लोणी. आम्ही समोरासमोर बसलो.

तिने घास घेतला. बराच वेळ चावत राहिली, प्लुक्कफिस्कला चावण्यासारखं काही नसताना.

"सोमवारी आला होता माझ्याकडे," ती म्हणाली.

मला कळलं नाही. "कोण?"

"आदल्या दिवशी. संध्याकाळचा. सरपण आणून ठेवलं चुलीपाशी, चांगलं दोन आठवड्यांचं. मी म्हटलं, एवढं कशाला, मी काय घर पेटवणार आहे? हसला नाही. दारात उभा राहिला. दार उघडंच ठेवून." तिने चमचा खाली ठेवला. "तो मलाही तेच म्हणाला."

मीही चमचा खाली ठेवला.

"मला वाटलं मोज्यांबद्दल म्हणतोय," ती म्हणाली. "रविवारी मी त्याला नवे मोजे विणून दिले होते. मला वाटलं, शब्द चुकला. त्या घरात राहून राहून याचं बोलणंपण सैल झालं, असंसुद्धा वाटलं मला. तुझ्यावर खापर फोडायला मी कधी मागे राहिले नाही." ती थांबली. "तू निदान काहीतरी बरं बोललीस. जेवलेलं अंगी लागो म्हणालीस. मी काय म्हटलं माहितेय? मी म्हटलं, दार लाव, गारठा येतोय."

एवढं बोलून तिने दोन्ही तळवे टेबलावर ठेवले. माशाने ओलसर झालेली बोटं, नखात एक कातड्याचा तुकडा अडकलेला.

"आणि त्याने लावलं," ती म्हणाली. "तेवढं ऐकलं माझं. बाहेरून लावून घेतलं आणि गेला."

तेव्हा मला राग आला. तीन महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी आलं आणि तो राग होता, आणि तोही त्याच्यावर. मेजवानी संपल्यावर पाहुणा यजमानांचा निरोप घेत फिरतो तसा हा घराघरांतून फिरला. आईकडे गेला, बायकोकडे आला. लाकडं भरली, दोनदा वाढून घेतलं. आम्हा दोघींच्या हाती तेच दोन शब्द ठेवले, आणि आम्ही त्यांचा अर्थ लावेपर्यंत थांबला नाही. मी टेबलावर मूठ आपटली. भाकरीची चळत घसरली आणि वरच्या भाकरीचे दोन तुकडे होऊन खाली पडले.

"गाढव कुठला," मी म्हटलं.

"गाढवच," त्याची आई म्हणाली. "लहानपणापासून. पोटात दुखलं तरी सांगायचा नाही. ताप चढून पडला की मग कळायचं."

"तू सांगितलं का नाहीस? मला? पोलिसांना?"

"तू का नाही सांगितलंस?"

तिला वाटलं होतं मला कळलं तर मी मोडून पडेन, मला वाटलं होतं तिला कळलं तर ती. अंगणाच्या दोन बाजूंना आम्ही दोघी एकच गोष्ट उशाखाली घेऊन झोपत होतो. आणि दिवसा दगडावरून भांडत होतो.

"मग तुला ते शब्द का हवेत?" मी विचारलं. "तुला माहीत असताना? ते वाचणं तुला जमेल?"

"वाचायला नकोत मला. मला दिसत पण नाही." तिचा आवाज पहिल्यांदाच घसरला आणि तिने तो खाकरून जागेवर आणला. "तो मला म्हणाला, आणि मी परत म्हटलं नाही. माझा मुलगा दारात उभा राहून माझे आभार मानून गेला, आणि मी गारठ्याचं बोलले. मला त्याला परत म्हणायचंय, योरुन. ते त्याचे शब्द नाहीत दगडावरचे. ते माझे. मला म्हणायला दुसरी जागा कुठे उरलीय?"

मी हे कधी असं पाहिलंच नव्हतं. आठ दिवस मी त्या दोन शब्दांत त्याचाच आवाज ऐकत होते. ते आमच्याकडून त्याला जातील, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. अख्ख्या आवारात इतके दगड आहेत, त्या सगळ्यांवर जिवंत माणसंच बोलतायत, हे मला ठाऊक होतं, लहानपणापासून ठाऊक होतं. पण तीन महिने माझं डोकंही त्या सुई मारलेल्या गालासारखंच झालं होतं.

मी घास घेतला. मासा गोडसर होता, मीठ थोडं कमी पडलं होतं. मी बशीतलं सगळं खाल्लं. तिनेही खाल्लं. आम्ही दोघींनी पुन्हा वाढून घेतलं. रडू मला तेव्हाही आलं नाही. घशात काहीतरी अडकल्यासारखं मात्र वाटत होतं, आणि तिने वेचलेल्या माशात काटा असणं शक्य नव्हतं.

दीड वाजता मी भिंतीवरच्या फोनपाशी गेले. पाथरवट स्वतःच बोलला. मागे त्याचं यंत्र घरघरत होतं, ते त्याने बंद केलं.

"ठरलं का?" त्याने विचारलं.

"ठरलं. सगळ्याबद्दल आभार."

"बरं. नेहमीचेच म्हणजे." कागदावर पेन्सिल घासल्याचा आवाज आला. "खाली काही हवंय? काही जण घालतात, तुझी बायको, तुझी आई, असं. जागा आहे तेवढी."

मी फोनवर हात ठेवला आणि मागे वळून बोर्गहिल्डला विचारलं. ती खाली वाकून भाकरीचे तुकडे गोळा करत होती. तिने वर न बघताच उत्तर दिलं.

"नावं नकोत म्हणावं. त्याला कळेल कोण बोलतंय ते."